तीन मतांचा हिशेब

माझा पुतण्या पुण्यात कोथरूडला राहतो. १३ मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी, दुपारी बाराला त्याला फोन केला तर मागे कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"मत देऊन आलास का रे?"

"नाही काका. यंदा मुद्दाम देत नाहीये. निषेध."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. २०१९ ला विधानसभेच्या वेळी त्याचं नाव गावच्या यादीत होतं, खास एसटीने येऊन मत देऊन गेला होता. पुढे पक्ष फुटले, एकाचं चिन्ह गोठलं, कोण कुणाबरोबर आहे हे सकाळच्या बातम्या बघून ठरवावं लागे. "मी दिलेलं मत आता कुणाच्या खिशात आहे तेच मला माहीत नाही," तो म्हणाला. मी एवढंच विचारलं, की हा निषेध तू कळवलास कुणाला? तो म्हणाला, "म्हणजे?" आणि मग त्याची भाजी करपली.

पुण्यात त्या वेळी ५३ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. उरलेल्या ४६-४७ टक्क्यांत माझा पुतण्या आहे. त्यातच सुट्टी साधून महाबळेश्वरला गेलेले आहेत, यादीतून नाव गायब झालेले आहेत, वारलेले पण यादीत जिवंत असलेले आहेत, आणि उन्हाने बाहेर न पडलेलेही आहेत. सगळ्यांचं अक्षर एकच. मग मत न देणं हा निषेध असू शकतो का?

हे मी जरा अधिकाराने बोलतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं काढली, २०२१ ला निवृत्त झालो. गुरुजी म्हटलं की जनगणना, पल्स पोलिओ आणि निवडणूक आलीच. शेवटच्या काही निवडणुकांत मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. त्यातली २३ एप्रिल २०१९ ची लोकसभा मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी मला जे गाव मिळालं त्याने मतदानावर बहिष्कार टाकला होता.

गावाचं नाव लिहीत नाही. सह्याद्रीच्या कडेचं, तीनशे एकेचाळीस मतदारांचं. मागणी एकच होती: ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल. जुना साकव पुरात गेला होता. पावसाळ्याचे तीन महिने पोरांना पलीकडच्या हायस्कूलला जाता येत नसे, आणि त्यामुळे मुलींची शाळा सातवीनंतर सुटायची. मुलगे ओढा उतरल्यावर वर्गात बसत, मुली आईबरोबर शेतावर जात. मास्तर म्हणून मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फाट्यावर फळा लावला होता, 'साकव नाही तर मत नाही'. खडूचं अक्षर सुरेख, नक्की कुणातरी सातवी पास मुलीचं.

आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य घेताना झोनल ऑफिसर हळूच म्हणाले, "सर, तुमचं गाव जरा तसलं आहे. काही होणार नाही, पण सांभाळून." आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा मला वाटलं होतं, शाळेला कुलूप असेल, कुणी पाणीही देणार नाही. तर शाळा शेणाने सारवून, माठ भरून ठेवलेला. रात्री सरपंच अण्णांच्या घरून पिठलं, भाकरी आणि ठेचा आला. मी म्हणालो, "अण्णा, तुमचा तर बहिष्कार आहे ना?" ते म्हणाले, "मतावर हाय, गुरुजी. पोलिंग पार्टीवर न्हाई."

अण्णांनी सांगितलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मार्चमध्ये त्यांनी बहिष्काराचं निवेदन दिलं. त्यानंतरच्या महिन्याभरात गावात नायब तहसीलदार तीनदा येऊन गेले, बांधकामवाले टेप घेऊन ओढ्यात उतरले, दोन उमेदवारांची माणसं येऊन बसली. "धा वर्सांत येवढ्या गाड्या बघितल्या न्हवत्या." म्हणजे बहिष्काराची जी काही किंमत होती ती मतदानाच्या दिवसाआधी होती. निवेदन, गावाची सही, फाट्यावरचा फळा आणि 'खरंच करतील की काय' ही धाकधूक, यातच तिचा जीव होता. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले की धाकधूक संपली. नंतर त्या गावाकडे शिल्लक काय राहतं? वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी.

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी. पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवारांची माणसं, नसतील तर पंधरा मिनिटं थांबून आपणच करायचा असतो. बहिष्काराच्या गावात एजंट कोण होणार? आम्ही चौघांनीच आळीपाळीने पन्नास बटणं दाबली, निकाल काढला, क्लिअर केलं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सील केल्या. गंमत म्हणजे त्या यंत्रात दिवसभरात पडली त्याच्या कितीतरी पट मतं त्या अर्ध्या तासात पडली, आणि ती सगळी खोटी होती. सातला "मतदान सुरू झाले आहे" असं मी व्हरांड्यात उभा राहून जाहीर केलं. ऐकायला एक कुत्रं होतं.

दर दोन तासांनी आकडा कळवायचा. नऊला शून्य. अकराला शून्य. एकला शून्य. पलीकडून फोनवरचा पोरगा प्रत्येक वेळी "शून्य? सर, नक्की?" असं विचारत होता, जणू मी कुठे मत लपवून ठेवलंय.

साडेचारच्या सुमाराला एक आजी आली. कमरेत वाकलेली, हातात पिशवी, पिशवीत मतदार ओळखपत्र. फाटकाशी ध्वजस्तंभाजवळ थांबली. आत येईना. मी बाहेर गेलो.

"माझं नाव हाय न्हवं यादीत?"

"आहे ना, आजी."

"म्या आजपातुर एक बी मत चुकवलं न्हाई. इंदिराबाईपासनं." थोडं थांबून म्हणाली, "म्या टाकलं तर कळंल का ओ कुणाला?"

मी तीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "मत गुप्त असतं, आजी." आणि म्हणता म्हणताच कळलं की हे खोटं आहे. मतमोजणी केंद्रवार होते. कुठल्या केंद्रावर कुणाला किती, हे सगळं छापून येतं. केंद्रावर एकच मत पडलं तर ते कुणाचं आणि कुणाला, हे सगळ्या गावाला कळणार. मी केंद्राध्यक्ष, तिला 'देऊ नका' म्हणणं हा गुन्हा, आणि 'द्या, काही होत नाही' म्हणणं ही फसवणूक. ती बघत राहिली, वडाखाली बसलेली पोरं तिच्याकडे बघत राहिली. मग ती "बघू" म्हणून परत गेली.

मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर त्याची लाज वाटली.

माझ्या टीममध्ये पहिल्या मतदान अधिकारी एक तरुण शिक्षिका होत्या. त्यांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, आपल्या तिघांकडे ईडीसी आहे. आपण इथे मत दिलं तर आजींचं एकटं पडणार नाही. चारांत कुणाचं कोणतं, कसं कळणार?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: निवडणूक कर्मचाऱ्याची ड्यूटी त्याच्याच मतदारसंघात असेल तर त्याला हे प्रमाणपत्र, ईडीसी, मिळतं आणि तो ड्यूटीच्या केंद्रावरच मत देऊ शकतो. मी शिपायाला आजींच्या घराकडे पाठवावं का, असा विचार करत राहिलो. पण मतदाराला बोलावून आणणं केंद्राध्यक्षाचं काम नाही. तसं केलं असतं तर ते मत तिचं राहिलं असतं की माझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आजी परत आली नाही.

पावणेसहाला मॅडम म्हणाल्या, "मी देणार आहे. या गावाचं दुःख मला कळतंय, पण हा बहिष्कार माझा नाही." अगदी बरोबर होतं. पण त्यांनी एकट्यांनी दिलं असतं तर जे आजीचं होणार होतं तेच त्यांचं झालं असतं. म्हणून तिघांनीही दिलं. (तिघांनी एकालाच दिलं असतं तर तीही गुप्तता गेलीच म्हणा. आम्ही एकमेकांना विचारलं नाही.) सहाला क्लोज दाबलं. एकूण मतं: तीन. मतांच्या हिशेबाच्या सतरा-सी नमुन्यावर तीन लिहून सही केली. एजंटांना द्यायच्या प्रती होत्या, घ्यायला कुणी नव्हतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर त्याआधीच्या दोन विधानसभांना माझं मत पडलंच नव्हतं. ड्यूटी दुसऱ्या मतदारसंघात, टपाली मतपत्रिकेचा अर्ज वेळेत भरला, मतपत्रिका एकदा आलीच नाही आणि एकदा निकाल लागून गुलाल धुतल्यावर आली. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटाला शाई लावणारा मी, टक्केवारीत मात्र 'मतदान न केलेला'. पुतण्याच्या निषेधात आणि माझ्या हरवलेल्या टपालात त्या आकड्याला काही फरक दिसत नाही. म्हणून मत न देणं हा निषेध असू शकतो का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: एकट्याने, गुपचूप, घरी बसून केलेला नसतो. गावाने मिळून, आधी ओरडून सांगून केलेला असतो. पण मग त्यात त्या आजीचं मतही जातं, आणि ते कुणी तिला विचारून घेतलेलं नसतं.

'मग नोटा आहे की' असं कुणीतरी म्हणेलच. नोटा म्हणजे यंत्रावरचं 'वरीलपैकी कुणीही नाही' हे बटण. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये नोटा दिला तो मुख्यतः गुप्ततेसाठी. त्याआधी ज्याला कुणालाच मत द्यायचं नसेल त्याला केंद्राध्यक्षासमोर तसं सांगून नोंदवहीत शेरा मारून घ्यावा लागे. म्हणजे नकार देणारा अख्ख्या खोलीत उघडा पडायचा. नोटाने तो पडदा दिला. पण दात दिले नाहीत. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं. २०२२ ला अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत पुन्हा दुसरा, १२,८०६. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. तिन्ही ठिकाणी जो यायचा तो आला. तरी ही मतं मोजली गेली, छापली गेली, आज इतक्या वर्षांनी मी ती इथे लिहू शकतोय. पुतण्याचं न दिलेलं मत मी कुठून शोधून आणू? आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी एक पाऊल पुढे टाकलं, नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. लोकसभा-विधानसभेला तसं काही नाही.

आणि कमी मतदानाने निकाल अडतो, हा तर भाबडा समज आहे. एप्रिल २०१७ मध्ये श्रीनगरच्या पोटनिवडणुकीत जेमतेम सात टक्के मतदान झालं. खासदार निवडून आला, शपथ झाली. किंवा जुनं घ्या. इतिहास शिकवताना १९२० च्या कौन्सिल बहिष्काराचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या कायदेमंडळांवर काँग्रेसने टाकलेल्या बहिष्काराचा धडा मी मोठ्या अभिमानाने शिकवायचो. काँग्रेस बाहेर राहिली, पण कौन्सिलच्या खुर्च्या काही रिकाम्या राहिल्या नाहीत, दुसरे बसले. तीन वर्षांत स्वराज पक्ष काढून त्यातलेच लोक आत जायला निघाले. हा दुसरा भाग पोरांना सांगताना माझा आवाज जरा खाली यायचा.

साकवाचं काय झालं ते विचाराल. ऑक्टोबरमध्ये विधानसभेला गावाने मतदान केलं. साकव पुढे तीन वर्षांनी झाला. बहिष्कारामुळे झाला म्हणावं, तर ओढ्याच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, जिने लोकसभेला रांगा लावून मत दिलं होतं, तिलाही त्याच वर्षी साकव मिळाला. अण्णा म्हणतात आमच्यामुळे त्यांना मिळाला. वाडीवाले नेमकं उलटं सांगतात.

पण मला आठवतो तो त्याआधीचा, २४ एप्रिलचा दिवस. साहित्य जमा करून पहाटे तीनला घरी आलो, झोपलो, आणि दहाला अण्णांचा फोन. आवाज बदललेला.

"गुरुजी, तालुक्याला तीन मतं सांगत्यात. आमची तर येक बी न्हाई म्हंत्यात समदी. कुनी टाकली ओ?"

मी गप्प.

"पोरं म्हंत्यात, म्हातारी साळंत आल्ती. तिच्या दारात गेल्यात दोघंतिघं."

मी म्हणालो, "अण्णा, ती तिन्ही आमची आहेत. आम्हा कर्मचाऱ्यांची. गावातून एकही पडलेलं नाही, मी केंद्राध्यक्ष सांगतोय."

"तुमची?"

"आमची."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग चालण्याचा आवाज, कुणाला तरी हाक, आणि अण्णा घाईने म्हणाले, "थांबा गुरुजी, फोन ठिवू नगा. हे तिच्या दारात येकदा मोट्यानं सांगा."