आच्ची मनोरमा : दुय्यम भूमिकांतून उभी राहिलेली कारकीर्द

तमिळ चित्रपटांतील थोर अभिनेत्रींची नावे घेताना आम्ही वडोदऱ्याची मराठी माणसे बहुधा पद्मिनी आणि वैजयंतीमाला यांच्यापाशी थांबतो, आणि त्याला कारणही आहे. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई तंजावरच्या. त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकी या शहरात आल्या आणि भरतनाट्यमची ओळख येथे फार लवकर झाली. त्यामुळे नृत्यनिपुण नायिका आम्हांला चटकन आपलीशी वाटते. मला मात्र त्याच तंजावर परिसरातील मन्नारगुडीत १९३७ साली जन्मलेल्या एका विनोदी नटीविषयी, मनोरमा यांच्याविषयी, लिहायचे आहे.

वडिलांनी कुटुंब टाकल्यावर आई त्यांना घेऊन चेट्टिनाडमधील पळ्ळत्तूरला आली. तेथे त्या नाटकांत गाऊ लागल्या, आणि त्या भागात वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने लावतात ते ‘आच्ची’ हे संबोधन पुढे त्यांना कायमचे चिकटले. कवी कण्णदासन यांनी निर्मिलेल्या १९५८ च्या ‘मालैयिट्ट मंगै’ या चित्रपटात त्यांना पहिली भूमिका मिळाली, तीही विनोदी. नायिका म्हणून त्या थोडेच दिसल्या. विनोदी नट नागेश यांच्याबरोबरची त्यांची जोडी मात्र प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली.

त्यांचे मोठेपण मला सर्वांत स्पष्ट दिसते ते १९६८ च्या ‘तिल्लाना मोहनांबाळ’मध्ये. शिवाजी गणेशन आणि पद्मिनी समोर असताना, फिरत्या नाटक मंडळीतील ‘जिल जिल रामामणी’ ही नटी शब्द लांबवत, लाडिक हेल काढत बोलू लागते आणि आपण हसता हसता तिच्या एकाकीपणाकडे पाहू लागतो. ज्याला गावोगावच्या तंबूंतील नाटकाची ओळख आहे, त्याला हे पात्र परके वाटणार नाही. मनोरमा स्वतः रंगभूमीवर घडल्या होत्या, म्हणूनच त्या रामामणीची कुठेही टवाळी करत नाहीत.

पुढे त्यांनी हजारांहून अधिक चित्रपट केले, आणि अण्णादुरै, करुणानिधी, एम. जी. रामचंद्रन, जयललिता व एन. टी. रामाराव अशा मुख्यमंत्रिपदी पोहोचलेल्या पाच जणांबरोबर नाटकांत वा चित्रपटांत काम केले. इतक्या भूमिकांत काही अगदी पातळ लिहिलेल्या होत्या, हे मान्य करावे लागते. पण वय वाढले म्हणून नायिकांना घरी बसावे लागते त्या व्यवसायात त्या विनोदाकडून आईच्या भूमिकांकडे वळल्या आणि अखेरपर्यंत मागणीत राहिल्या.

१९८९ च्या ‘पुदिय पादै’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला मान आपल्या रोहिणी हट्टंगडी यांना लाभला. रामामणी पडद्यावर आली तेव्हा अशा भूमिकेची दखल घेणारा राष्ट्रीय पुरस्कारच अस्तित्वात नव्हता, याची मला खरोखर खंत वाटते.