केप टाउन : चर्चच्या दारापासून दगडखाणीपर्यंत

केप टाउनच्या चर्च स्क्वेअरमध्ये ग्रॅनाइटचे अकरा ठोकळे आहेत, 2008 मध्ये बसवलेले. त्यांवर इथल्या गुलामांची नावं कोरली आहेत. मी गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि ऑफिसांतली मंडळी त्याच ठोकळ्यांवर बसून खात होती. मीही टेकलो. समोर ग्रूट कर्क, डचांचं जुनं मोठं चर्च.

इथे उन्हात बसून गप्पा मारणं हा एकेकाळी गुन्हा होता. 1754 साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर रायक टुल्बाख याने गुलामांसाठीचे विखुरलेले नियम एकत्र बांधले. रात्री दहानंतर गुलाम बाहेर दिसला तर हातात कंदील हवा. रात्री गाणं नाही, शीळ नाही. सुट्टीच्या दिवशी घोळका करायचा नाही. प्रार्थना चालू असताना चर्चच्या दाराशी जमायचं नाही. रस्त्यात दुसऱ्या गुलामाशी बोलत उभं राहिलं तर छड्या. आत मालक देवाची करुणा भाकतोय आणि बाहेर त्याचा माणूस ओळखीच्या कुणाशी दोन शब्द बोलला तर फटके! एवढी धास्ती कशाची, ते उघड आहे. दोघं बोलले की तिसरा येतो.

पलीकडेच स्लेव्ह लॉज आहे. 1679 साली कंपनीने आपल्या मालकीच्या गुलामांसाठी बांधलेली ही इमारत आता संग्रहालय आहे. गुलामांच्या नावापुढे मूळ मुलूख लावायची पद्धत होती. मादागास्कर, जावा, बंगाल, कोरोमंडल अशी नावं वाचत गेलो आणि ‘मलबार’पाशी अडखळलो. कोकणाखालचाच तो किनारा. तिथला माणूस इथे विकला गेला, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

धर्माचा कायदा आणखी विचित्र. कंपनीच्या राज्यात डच रिफॉर्म्ड हा ख्रिस्ती पंथ सोडून दुसरी कुठलीही उपासना उघडपणे करायला बंदी. म्हणजे गुलामांनी ख्रिस्ती व्हावं? तेही मालकांना नको, कारण बाप्तिस्मा झालेला गुलाम विकता येणार नाही असा हुकूम 1770 मध्ये निघाला. विकता न येणारा गुलाम कोणाला हवा? चर्चचं दार असं मालकांनीच लावून घेतलं आणि घराघरांत, दाराआड, नमाज सुरू झाला.

तो माग काढत वाल स्ट्रीटने वर बो-काप वस्तीत शिरलो. गुलाबी, पिवळ्या, पोपटी घरांसमोर फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी! (मीही दोन काढले.) त्यांतले फारच थोडे डॉर्प स्ट्रीटवरच्या अव्वल मशिदीपर्यंत येतात. ही देशातली पहिली मशीद, 1794 ची. जागा गुलामगिरीतून सुटलेल्या सिलोनच्या कोरिडॉनची, पुढे ती त्याच्या मुलीकडे, सार्कीकडे आली. इमारतीची पुढे बरीच डागडुजी झाली, त्यामुळे जुनेपण शोधावं लागतं.

इथले पहिले इमाम तुआन गुरू. इंडोनेशियातल्या टिडोरचे राजपुत्र. डचांनी राजकैदी म्हणून 1780 मध्ये इथे आणून रॉबेन बेटावर डांबलं. तिथे त्यांनी आठवणीतून अख्खं कुराण लिहून काढलं. सुटल्यावर मदरसा काढला. गुलामांची आणि मुक्त झालेल्यांची पोरं तिथे लिहायला-वाचायला शिकली. शुक्रवारचा पहिला सामुदायिक नमाज मात्र मशिदीत झाला नाही. तो झाला वरच्या किआपिनी स्ट्रीटजवळच्या ओसाड दगडखाणीत, उघड्या आभाळाखाली. उघड उपासनेची मुभा 1804 मध्ये मिळाली, म्हणजे ही माणसं कायद्याच्या आधीच जमली होती.

तिथून ताना बारू दफनभूमीपर्यंत चढण छातीवर येते. 1805 मध्ये मिळालेली ही जागा. तुआन गुरूंची कबर इथेच. 1834 साली गुलामगिरी संपली, तरी लोकांनी कुठे जमायचं हे ठरवायची सरकारची खोड गेली नाही. 1886 च्या जानेवारीत आरोग्याच्या कारणावरून ही दफनभूमी बंद केली. दोनच दिवसांनी सुमारे तीन हजार लोक एका लहान मुलाचं दफन करायला हीच चढण चढून आले. पोलीस होते. दफन झालंच.