तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुझी ती टेस्ट कधी येणार?’

लग्नाला जा, बारशाला जा, गणपतीत आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत कोणीतरी विचारतंच, ‘ती तुझी उकळत्या पाण्यातल्या जंतूची टेस्ट कधी येणार गे?’ मी तोंड उघडायच्या आत दुसरा म्हणतो, ‘दिल्लीवाल्यांनी कोरोनातच काढली की!’

काढली. त्यांच्या ‘फेलूदा’ या कोरोनाच्या टेस्टला २०२०च्या सप्टेंबरात परवानगी मिळाली, कागदाच्या पट्टीवर रेघ उमटते. त्यातलं प्रथिन कॅस-९. माझ्या टेस्टमधलं आर्गोनॉट, नमुन्यात विषाणूचा डीएनए आहे का ते शोधायला. दोन्ही प्रथिनं डीएनए कापतात, दोघांनाही कुठे कापायचं ते सांगणारा वाटाड्या लागतो. कॅसचा वाटाड्या आरएनएचा, माझ्याचा डीएनएचाच, साधारण १६ अक्षरांचा तुकडा. तो स्वस्तात बनतो आणि सहज नासत नाही. शिवाय कॅस-९ला कापायच्या जागेशेजारी ठरावीक अक्षरांची खूण लागते, आर्गोनॉटला ती लागत नाही. वाटाड्या बदलला की जागा बदलली. आर्गोनॉट कापतो ते वाटाड्याच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या मधल्या जागेसमोर.

हे प्रथिन पायरोकॉकस फ्युरिओसस या जंतूचं. इटलीतल्या व्हल्कानो बेटाच्या किनाऱ्यावर सापडलेला हा जीव १९८६ साली जगापुढे आला, तो १०० अंशांना खुशीत वाढतो. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यात मिळेल का, असं आमच्या शहापुरातल्या एका मामांनी विचारलं होतं. मामा, त्या पाण्यात आपण अंघोळ करतो. हा तिथे गारठेल. उष्णतेतल्या जंतूचं काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी कोरोनाची आरटीपीसीआर आठवावी. तिच्यातला टॅक एन्झाइमही मुळात यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जंतूचा.

आणि हो, ‘ते चीनवाल्याचं खोटं निघालं ना?’ ते आर्गोनॉट खारट पाण्यातल्या जंतूचं होतं. त्याने माणसाच्या पेशीतली जनुकं बदलता येतात असा दावा २०१६ साली झाला, इतरांना ते जमेना, २०१७ साली लेख मागे घेतला गेला. आम्ही पेशीत काही बदलत नाही. नळीत कापतो, उजेड पडला का बघतो. तरी त्या वर्षी मीही चार महिने त्या खारट प्रथिनामागे घालवले, हे घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता गुरांच्या लंपी रोगाचं. २०२२ला साथ आली तेव्हा मला वाटलं, हीच वेळ. लंपीचा विषाणू डीएनएवाला, म्हणजे आरएनएचा डीएनए करायची मधली पायरी नको. खानापूर तालुक्यात जांबोटीकडे काकांचं घर आहे. टिफिनएवढं पीसीआर मशीन, इन्व्हर्टर, निळी बॅटरी आणि नारिंगी काच घेऊन मी त्यांच्या सोप्यावर बसले. काका म्हणाले, ‘गाठी डोळ्यांनी दिसतात की, टेस्ट कशाला?’ मी म्हटलं, ज्या गाईला अजून गाठी नाहीत तिच्यासाठी. त्यांची कपिली तशीच होती. नुसता ताप, बारा दिवसांची व्यालेली.

सकाळी पोरांना दाखवायला म्हणून मी पॉझिटिव्ह नमुना चालवला. पीसीआरने डीएनए कोटींनी वाढतो. मग नळीचं झाकण उघडून आर्गोनॉट आणि वाटाडे घालायचे, ९५ अंशांवर ठेवायचं. विषाणूचा डीएनए असला तर पहिल्या कापातून जो तुकडा सुटतो, तोच पुढचा वाटाड्या होतो, आणि चमकणारा रेणू कापला जाऊन हिरवा उजेड दिसतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी त्याच टेबलावर, त्याच पिपेटने मी कपिलीच्या नाकातला नमुना लावला.

हिरवं.

‘पॉझिटिव्ह,’ मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सोप्यावर माणसं होती म्हणून. गाय आजच शेतातल्या खोपीत न्या, वासरू तिच्यापासून तोडा. काकांनी एक शब्दही न विचारता दावं सोडलं. पाऊस होता. वासरू उंबऱ्याशी ओरडत राहिलं.

रात्री आवरताना शेवटच्या खाचेतली कोरी नळी दिसली. तिच्यात नुसतं पाणी. मी निळी बॅटरी मारली. तीही हिरवी. सकाळी झाकण उघडलं तेव्हा जो वाढवलेला डीएनए उडाला, तो सगळ्या टेबलावर बसला होता.

ही नळी आधी बघायची असते. बीएस्सीच्या पोरांना मी हेच शिकवते. ते यंत्र संशोधनाचं होतं, निदानाचं नव्हे. त्यावरून कुणाला काही सांगायचा मला हक्कही नव्हता.

आणि मी बोलले नाही. सरकारी नमुनाही गेला होता, त्याचा अहवाल येऊ दे म्हटलं. ताप आलेली गाय वेगळी बांधा असं कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलंच असतं, हे खरं. वासरू तोडा असं मी सांगितलं, हेही खरं. बाटलीचं दूध त्याला मानवलं नाही. हगवण लागली आणि पाचव्या दिवशी ते गेलं. नवव्या दिवशी अहवाल आला, निगेटिव्ह. कपिली बरी झाली. आईचं दूध मिळूनही वासरं हगवणीने जातात, असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्यावर माझाच विश्वास बसत नाही.

तर ‘कधी येणार?’ झाकण न उघडता सगळं एकाच नळीत करायचे प्रयत्न बऱ्याच ठिकाणी चालू आहेत, आमच्याकडेही. ९५ अंश टिकवायचे तर करंट जाऊन चालत नाही, आणि आमच्याकडे तो जातो. २०२०च्या माझ्या स्लाइडवर ‘गोठ्यापर्यंत’ असं लिहिलंय. ती स्लाइड मी काढलेली नाही. कधी वाटतं खोटं लिहिलं होतं, कधी वाटतं नुसती घाई केली.

गेल्या दिवाळीला काकांना सगळं सांगितलं. ते नुसते ‘बरं’ म्हणाले आणि धार काढायला उठले. काकू चुलीपाशी होत्या.

‘त्या कोऱ्या नळीत काय होतं गे?’

‘पाणी.’

‘मग पाण्याला रोग झालेला दिसला, तेव्हाच का सांगितलं नाहीस?’

मी भाकरी मोडत बसले. त्यांनी ताटात आणखी एक वाढली.