तुम्ही विचारलंत म्हणून : पायलट व्हायला एव्हिएशनची डिग्री लागते का?

सुट्टीला घरी आले की कोल्हापुरात उद्यमनगरला बाबांच्या वर्कशॉपवर एक चक्कर होतेच. मागच्या खेपेला तिथे कागलकडचे एक काका बारावी झालेल्या मुलाला घेऊन माझीच वाट बघत बसले होते. बाबांचं जुनं गिऱ्हाईक, उसाची शेती. लेथशेजारच्या टेबलावरचा लोखंडाचा कीस हाताने झाडून त्यांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं. वर पांढऱ्या शर्टातला एक मुलगा, खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या, मागे विमान. मी चार वर्षं एटीआर हे प्रोपेलरचं प्रवासी विमान उडवतेय, को-पायलट म्हणून, आणि माझ्या खांद्यावर अजून तीनच आहेत, ते सोडा.

"ताई, तुमी इमान चालवताय न्हवं. येवढंच सांगा, ह्या डिग्रीला घालू का पोराला? तीन वर्सं, बारा लाख म्हणत्यात."

मी विचारलं, यात फ्लाइंगचे तास किती? काका पानं उलटायला लागले. मुलगा हळूच म्हणाला, "फ्लाइंग वेगळं आहे मॅडम. ऑप्शनल."

हा प्रश्न मला लग्नात अक्षता पडायच्या आधी विचारला जातो, पडल्यावरही विचारला जातो. एकदा रंकाळ्यावर फिरताना एका आजोबांनी मला थांबवून विचारला होता. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आपल्याकडे पायलटला लागतं ते लायसन्स. ते डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं आणि त्यासाठी पदवी मागत नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी हे दोन विषय मुक्त विद्यालयातून नंतर दिले तरी चालतात, माझ्या बॅचला असे दोघे होते. वय १८ पूर्ण, क्लास वन मेडिकल म्हणजे पायलटची कडक डॉक्टरी तपासणी, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक असे पेपर, प्रत्येकात किमान ७० टक्के. रेडिओवर बोलण्याचं वेगळं प्रमाणपत्र. आणि २०० तास उड्डाण, त्यातले १०० स्वतःच्या जबाबदारीवर. एवढं झालं की कमर्शियल लायसन्स मिळतं. पुढे ज्या जातीचं विमान उडवायचं त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद. विमान कंपनीची परीक्षा, सिम्युलेटर, मुलाखत हे सगळं त्यानंतर. या रांगेत डिग्रीची खिडकीच नाही.

"पण अमेरिकेत तर लागते!" हे हमखास येतं, कारण हल्ली सगळ्यांचे गुरुजी यूट्यूबवर असतात आणि त्यातले बरेच तिकडचे. तिकडे डिग्रीला किंमत का, हे समजून घेतलं की घोळ मिटतो. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं एक विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा आला, आणि २०१३ पासून तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही १५०० तासांचं वरचं लायसन्स लागायला लागलं. मान्यताप्राप्त विद्यापीठातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी आणि तिथलंच प्रशिक्षण असेल, तर ती अट १००० तासांवर येते. म्हणजे डिग्री तिथे ५०० तास वाचवते. पाचशे तास म्हणजे लहान विमानात विद्यार्थी बसवून रोज शिकवत राहिलात तरी कित्येक महिन्यांचं काम. पैशात आणि ज्येष्ठतेत त्याचा फरक पडतो, म्हणून तिथली मुलं हिशेब करून डिग्री घेतात. त्याच अमेरिकेत डेल्टासारख्या कंपनीने २०२२ मध्ये पदवीची सक्ती काढून टाकली, हे मात्र यूट्यूबचे गुरुजी सांगायला विसरतात.

आपल्याकडे को-पायलटच्या सीटवर बसायला २०० तासांचं कमर्शियल लायसन्स आणि टाइप रेटिंग पुरतं. १५०० तास लागतात ते पुढे, कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला, आणि त्यात डिग्रीवाल्याला एका तासाचीही सूट नाही. तिकडचं औषध इकडे घेऊन उपयोग नाही, कारण तो रोगच इकडे नाही.

आता सगळ्याच डिग्र्या फसव्या, असंही मला म्हणायचं नाही. उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इग्रुआ ही सरकारी उड्डाण अकादमी आहे, जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे. फ्लाइंग शिकता शिकता बी.एस्सी. एव्हिएशन करायची सोय तिथे झालेली आहे. फ्लाइंग होतच असेल आणि बाजूने पदवी मिळत असेल तर नको कशाला म्हणायचं? माझा राग आहे तो दुसऱ्या प्रकारावर. नावात 'एव्हिएशन', पुढे बीबीए किंवा बी.एस्सी., वर्गात विमानतळाचं व्यवस्थापन आणि तिकिटांचं सॉफ्टवेअर, आणि माहितीपत्रकावर चार पट्ट्यांचा शर्ट. माझ्या इचलकरंजीच्या मावशीच्या जावेचा मुलगा यातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या वहीत, शून्य तास होते. लॉगबुकच नव्हतं, खरं तर. तीन वर्षं गेली, घरातले चार माग विकले गेले, आणि फ्लाइंग स्कूलच्या दारात तो बारावीच्या पोरांच्याच रांगेत उभा राहिला.

मुलाखतीत काय विचारतात, तेही लोकांना कळत नाही. माझ्या सिलेक्शनला समोरच्या कॅप्टननी बायोडेटात कोल्हापूर वाचलं आणि विचारलं, एप्रिलच्या दुपारी तुझ्या गावाहून भरलेलं विमान उडवायचंय, काय बघशील? उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ची. शाळेत असताना आम्ही तिच्या कुंपणाशी सायकली लावून विमानाची वाट बघायचो, आणि बहुतेक वेळा नुसतं गवत बघून परत यायचो. पण ती समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंच आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. उंचीवरची हवा मुळात विरळ, त्यात उन्हाने तापली की आणखी विरळ. पंखांना उचल कमी, प्रोपेलरला ओढ कमी, म्हणून धावायला अंतर जास्त लागतं, आणि तेवढी धावपट्टी नसेल तर वजन उतरवावं लागतं. हे मला सांगता आलं. कुठल्या विद्यापीठात शिकलीस, हे त्यांनी विचारलं नाही.

मग डिग्री घ्यायचीच नाही का? इथे माझं मत जरा वेगळं आहे, आणि ते एका मुतखड्यामुळे झालेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत रात्री पोटात कळ आली. सोनोग्राफीत खडा निघाला. साध्या माणसाला डॉक्टर पाणी प्या म्हणतात; पायलटला 'टेम्पररी अनफिट' म्हणतात. कळ हवेत आली तर काय, हा त्यांचा रास्त प्रश्न. खडा गेला, तपासण्या झाल्या, फेरतपासणीचा शिक्का मिळाला, यात साडेतीन महिने गेले. मुतखड्यावर उतारा म्हणून गल्लीतून पानफुटीची पानं इतकी आली की आई म्हणाली, आता भाजी करते. उड्डाण नाही म्हणजे तासांवरचा भत्ता नाही. टाइप रेटिंगच्या कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर. त्या दिवसांत मी बाबांच्या वर्कशॉपचे जीएसटीचे हिशेब बघितले, कारण माझ्याकडे बी.कॉम. आहे. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून केलेलं. आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानं दुरुस्तीला पडायची, पावसाळ्यात ढग उठायचे नाहीत, २०० तासांना अडीच वर्षं लागली. त्या रिकाम्या दिवसांत अभ्यास केला. तेव्हा सगळे हसले होते. पायलटला बी.कॉम. कशाला?

दरवर्षी मेडिकल असतं. दरवर्षी एक डॉक्टर तुमची नोकरी हातात धरून बसलेला असतो. लायसन्स गेलं तर पैसे देणारा विमा मिळतो, पण विमा रोज सकाळी उठून जायला जागा देत नाही. म्हणून पदवी असावी. मात्र ती एव्हिएशनची का घ्यावी, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही. कोविडमध्ये विमानं जमिनीवर आली तेव्हा पायलट, केबिन क्रू, काउंटरवरची मुलं सगळी एकदमच घरी बसली. छत्री घ्यायची तर ती पावसात भिजून फाटणारी नको. कॉमर्स घ्या, कॉम्प्युटर घ्या, गणित आवडत असेल तर ते घ्या. बाहेरून करा, स्वस्तात करा.

(जे. आर. डी. टाटांकडे कुठे डिग्री होती, असं एखादे काका म्हणतातच. नव्हती, आणि १९२९ साली भारतातलं पहिलं पायलट लायसन्स त्यांना मिळालं, हेही खरं. पण नोकरीसाठी बायोडेटा घेऊन त्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नव्हतं.)

कागलच्या काकांना मी यातलं निम्मंच सांगितलं. माहितीपत्रक बाजूला ठेवा, आधी पोराचं क्लास टू मेडिकल करा, मग क्लास वन. चष्मा असला तरी चालतो, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर गाडं तिथेच अडू शकतं. ते आज कळलेलं बरं, पन्नास-साठ लाख भरल्यावर नको. तोवर पेपरांचा अभ्यास सुरू करा. त्याला विमान लागत नाही, टेबल लागतं.

"पन्नास-साठ?" काकांनी विचारलं. आणि वर टाइप रेटिंग, मी म्हटलं. वर्कशॉपमध्ये थोडा वेळ फक्त लेथचा आवाज येत होता. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता.

परवा काकांचा फोन आला. "मेडिकल झालं बगा ताई, दोनी बी. डोळं झ्याक हाईत म्हणले. बी.कॉम.चा फॉरम बी भरला त्येनं, भाईरनं." मी म्हटलं, छान झालं. "आता वड्याकडंच्या दीड एकराचं गिऱ्हाईक बघायला लागलोय."

मी म्हटलं, "काका, जमिनीला हात लावू नका अजून. आधी त्याचा नेव्हिगेशनचा पेपर सुटू दे."

"कवा हाय त्यो?"

"त्यालाच विचारा," मी म्हटलं. पलीकडे काकांनी फोन तसाच धरून पोराला हाक मारली.