सायकलचं फडकं

सायकल पुसायला कोणतं कापड घ्यायचं, हा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघतो आणि कधीच एकमतानं सुटत नाही. माझं मत पक्कं आहे: जुना बनियन. सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेला, काखेत विरलेला. टॉवेलच्या तुकड्याचे दोरे सुटतात आणि फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या, दात्यांत जाऊन अडकतात. नायलॉनची साडी तेल पीत नाही, नुसतं इकडचं तिकडे पसरवते. जीन्सची पट्टी रिमवरचा वाळलेला चिखल काढायला ठीक, बाकी ती सगळीकडे आडमुठेपणा करते. उशीचा जुना अभ्रा फार उत्तम, पण अभ्रा नेमका कधी ‘जुना’ झाला हे ठरवायचा अधिकार माझ्याकडे नाही.

एवढं पुराण लावण्याचं कारण असं, की सायकलच्या देखभालीत तेल, ग्रीस, पाने आणि रंगीबेरंगी स्प्रे या सगळ्यांपेक्षा फडकं मोठं, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलंय. माझी सायकल साधी आहे. काळी, २८ इंची चाकांची, रॉडच्या ब्रेकची ॲटलस. (सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे बरोबर जागतिक सायकल दिनी. मुहूर्त पाहणारं कुणी तिथे नव्हतं हे उघड आहे.) अशा सायकलीत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, आणि जे असतं ते सगळं उघड्यावर असतं. तरी लोक तिची काळजी घेतात म्हणजे काय करतात? तेल घालतात. चेन कुरकुरली, तेल. ब्रेक किंचाळला, तेल. दार कुरकुरलं म्हणून बाटली बाहेर निघाली आणि तेल उरलं, तर तेही सायकलला.

चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. दोन बाजूंना पट्ट्या, मधे पिन, पिनेवर नळी आणि नळीवर फिरणारा रोलर. झीज होते ती पिन आणि नळी यांच्यामधे, डोळ्यांना कधी न दिसणाऱ्या जागी. तेल हवं ते तिथे. बाहेरच्या पट्ट्यांवर जे काळं चकचकीत तेल दिसतं, ज्याच्याकडे बघून मालकाला समाधान वाटतं, त्याच्या हातून एवढंच होतं की रस्त्यावरची धूळ धरून ठेवली जाते. धूळ आणि तेल एकत्र आलं की लोखंड घासायचा लगदाच तयार होतो. मग जितकं पेडल माराल तितकी चेन झिजते.

म्हणून सायकल स्टँडवर चढवायची, एका हातानं पेडल उलटं फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं फडकं खालच्या चेनभोवती धरायचं. फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसा असं म्हणतात. ते थांबत नाही, म्हणून कंटाळा येईपर्यंत पुसायचं. मग एकेका रोलरवर एकेक थेंब. मग चहा. चहा हा या कामातला तांत्रिक टप्पा आहे, कारण तेल आत झिरपायला तेवढाच वेळ लागतो. चहा झाला की बाहेर दिसणारं सगळं तेल पुसून टाकायचं. इथे भल्याभल्यांचा जीव तुटतो. आत्ता तर घातलं, आणि लगेच पुसायचं?

तेल कोणतं, यावर प्रत्येकाची श्रद्धा वेगळी. शिवणयंत्राचं तेल पातळ, पटकन आत जातं आणि तितक्याच पटकन उडूनही जातं. फ्रीव्हीलमधे आणि कुलुपात ते छान. चेनला घातलं तर पुन्हापुन्हा घालावं लागतं. गॅरेजमधून आणलेलं गाडीचं वापरलेलं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनाची सगळी काजळी आधीच आलेली असते. खोबरेल तेलाचे भक्त कोकणात जास्त असावेत. तिकडे ते चालून जातही असेल. पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि पुण्याच्या डिसेंबरात सकाळी सहा वाजता ते चेनमधे नुसतं पांढरं होऊन बसतं. पूर्वी चेन धुवायला रॉकेल असायचं, शिकरणीची वाटी बाद झाली की त्याच कामाला लागायची. शहरात आता रेशनचं रॉकेल दिसत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांवर काम भागतं, फक्त नंतर चेन पूर्ण कोरडी करायची. कशानं, ते सांगायला नको.

चेन जुनी झाली का हे ओळखायलाही दुकानात जायला नको. शाळेच्या दप्तरातली स्टीलची पट्टी घ्यायची. चोवीस कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरला आणि चोविसाव्या कडीची पिन १२ च्या खुणेवरून एक अष्टमांश इंच पुढे गेलेली दिसली, की चेन संपली. चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण लोखंड लांबत नाही. आतल्या पिना झिजून प्रत्येक सांध्यात थोडी थोडी जागा होते आणि ती बेरीज पट्टीवर दिसते. अशी चेन तशीच चालवली तर ती फ्रीव्हीलचे दातेही स्वतःच्या मापाचे करून घेते. मग नवी चेन जुन्या दात्यांवर बसत नाही, उड्या मारते, आणि खर्च दोन्हींचा होतो.

पण फडक्याचा खरा उपयोग पुसण्यात नाहीच. पुसायच्या निमित्तानं हात सगळीकडून फिरतो, आणि हाताला जे कळतं ते डोळ्यांना महिनोन्‌महिने कळलेलं नसतं. मडगार्डचा नट बोटानं फिरतोय. ब्रेकचं एक रबर तिरकं झिजलंय. टायरमधे बाभळीचा काटा रुतलाय, पण अजून ट्यूबपर्यंत पोचलेला नाही. आत्ता उपटला तर उद्याची पायपीट वाचते. माझ्या सायकलला पुढच्या चाकात ३२ तारा आहेत आणि मागच्यात ४०, ही जुनी इंग्लिश वाटणी. तारा पुसायचं काम अत्यंत कंटाळवाणं, यात वाद नाही. पण एकेक तार चिमटीत धरून फडकं ओढत गेलं की सैल तार लगेच हाती लागते. छेडली तर बाकीच्या तारा वाजतात आणि ती नुसती थडथडते. तार तुटते तीही बहुधा हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकवलेल्या टोकाशी, जिथे सगळा मळ साचलेला असतो आणि कुणी बघत नाही.

पंक्चर काढणं मात्र फडक्याच्या कक्षेबाहेरचं. त्याला बाथरूममधली बादली लागते, आणि ती बादली कुणाची यावरून पुन्हा वाटाघाटी. फुगे आले, भोक सापडलं, कानशीनं ट्यूब खरवडली, सोल्युशन लावलं. आता ते वाळेपर्यंत हात बांधून बसायचं. ओल्यावर पॅच चिकटवणाऱ्या माणसाला घाईचं फळ दुसऱ्याच चौकात मिळतं. दोन भोकं शेजारी शेजारी सापडली तर रस्त्यावर खिळा शोधू नये. टायरमधे हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिममधे चिमटली, एवढंच झालेलं असतं. आपल्याकडची निम्मी पंक्चरं हवेच्या आळसानं होत असावीत असा माझा संशय आहे. हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉपनं १८८८ साली बेलफास्टमधे आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केला. तो व्यवसायानं जनावरांचा डॉक्टर. त्याला आपल्या खड्ड्यांची कल्पना नव्हती, पण हवा भरावी लागेल एवढी निश्चित होती.

कधी कधी तर पंक्चर नसतंच. रात्री भरलेली हवा सकाळी गायब, आणि बादलीत ट्यूब फिरवून एकही फुगा नाही. अशा वेळी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून बघायचं. बुडबुडा फुगला की दोष वालट्यूबचा, म्हणजे आत पिनेवर चढवलेल्या त्या इवल्याशा रबरी नळीचा. ती उन्हानं कडक होऊन चिरते. नवीचा तुकडा कापून, ओला करून चढवला की झालं. घरात वालट्यूबची बोटभर लांबीची गुंडाळी असावी. ती कुठल्या डबीत ठेवली हे लक्षात राहावं, एवढी अपेक्षा मी ठेवत नाही.

याच्या पुढचं काम चौकातल्या मामांचं. चाकाचा आउट काढणं, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करणं, हब उघडणं. मागच्या हबमधे बहुतेक पाव इंचाचे छर्रे असतात, एकेका बाजूला ९, आणि उघडल्यावर त्यांतला एक तरी गॅलरीच्या पन्हाळीचा रस्ता धरतोच. मामा वाटीत ग्रीस थापून त्यात छर्रे बोटानं एकेक चिकटवतात, छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, म्हणजे कोन, आवळतात, मग अर्ध्या चिमटीनं सैल करतात. ती अर्धी चिमूट शिकायला माणसाला त्यांच्याइतकी वर्षं लोखंडी पेटीवर बसावं लागेल. पेडल तेवढं घरी बदलता येतं. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसलेले लोक पाना लावून घाम गाळतात आणि ते आणखीच आवळून ठेवतात. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंची पेडलं सुटतात, पुढे ढकलला की आवळतात. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पाय मारता मारता डावं पेडल गळून पडू नये म्हणून ही उलट्या आट्यांची सोय. अशी न सुटणारी पेडलं राइट बंधूंनी अमेरिकेतल्या डेटनच्या आपल्या सायकल दुकानातून १९०० साली जाहीर केली होती. विमान त्यानंतर ३ वर्षांनी उडालं. सुटणाऱ्या वस्तूंची धास्ती घेतलेली माणसं ती. ते बरंच झालं म्हणायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीत सगळ्या सायकली पाइपनं धुतल्या जातात. हे मला बघवत नाही. मडगार्डवर पाणी मारा, टायरवर मारा, पण पोरं नेमकी हबवर आणि पेडलाच्या मुळाशी धार धरतात, कारण मळ तिथे दिसतो. आतलं ग्रीस धुतलं जातं, पाणी मुक्कामाला राहतं, आणि सोनं वाटून घरी येईपर्यंत सायकल कुरकुरायला लागलेली असते. मामांच्या म्हणण्याप्रमाणे दसऱ्यानंतरचा आठवडा त्यांची दिवाळी. “धुवा साहेब, खुशाल धुवा,” ते म्हणतात.

काम झाल्यावर हात काळे. साबणानं ते फक्त राखाडी होतात. तळहातावर चमचाभर गोडं तेल आणि थोडी साखर घेऊन चोळलं की काळं सुटून येतं, मग साबण. साखरेच्या डब्यावर तेलकट बोटं उमटतात ती वेगळी पुसावी लागतात, आणि त्या कामाला बनियनचं फडकं चालत नाही असं मला सांगण्यात आलेलं आहे.

मी फडकं घेऊन बसलो की खालच्या मजल्यावरचा पहिलीतला मुलगा आपली छोटी सायकल घेऊन हजर होतो. त्याची तक्रार ब्रेकची नसते, हवेची नसते. परवा घंटीची होती. “काका, ही वाजतच नाही, नुसती कुजबुजते.” वरची वाटी फिरवून काढली. आत पावसाळ्याचा चिखल वाळून बसला होता आणि दातेरी चक्रं अर्धवट फिरत होती. फडक्याच्या टोकानं सगळं कोरून काढलं, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला, वाटी बसवली. अशी खणखणीत घंटी त्या इमारतीनं बऱ्याच वर्षांत ऐकली नसेल. तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. ती चार वाजेपर्यंत वाजत होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी त्यावरून जी चर्चा झाली, तिच्यात मी भाग घेतला नाही.