बिल्बिलिसच्या नाण्यावरचे खरवडलेले नाव

आजच्या स्पेनमधील कालातायूद शहराजवळ बिल्बिलिस या प्राचीन डोंगरी नगराचे अवशेष आहेत. रोमन सत्तेखाली आल्यावरही हे नगर स्वतःची काशाची नाणी पाडत असे, आणि त्या नाण्यांइतका जिव्हाळा मला रोमच्या सोन्याचांदीच्या नाण्यांविषयी वाटत नाही. सोन्याचांदीच्या नाण्यांवर साम्राज्य बोलते. रोजच्या बाजारहाटाला लागणाऱ्या या सुट्या नाण्यांवर मात्र गाव स्वतःची ओळख सांगते.

जुन्या नाण्यांवर भाला घेतलेला घोडेस्वार असून त्याखाली नगराचे नाव स्थानिक केल्टिबेरियन लिपीत आहे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात लेख लॅटिन झाला आणि सम्राटाचा चेहरा आला, तरी घोडेस्वार लगेच हटला नाही. पुढे त्याच्या जागी पानांचे वर्तुळ आले, नगराला मिळालेला म्युनिसिपियमचा, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणाऱ्या रोमन नगराचा दर्जा लेखात झळकू लागला आणि त्याच्यासोबत ‘दुओविर’, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन नगराधिकाऱ्यांची नावे आली. सेंप्रोनियस आणि लिसिनियस या कुळनामांचे असे दोघे केवळ या काशामुळे आपल्याला ठाऊक आहेत, याचे मला फार मोल वाटते.

या मालिकेतले सर्वांत बोलके नाणे इ. स. 31 चे आहे. त्या वर्षी ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस पाचव्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च वार्षिक अधिकाऱ्यांपैकी एक झाला आणि त्याचा जोडीदार होता सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजेनस. एरवी स्थानिक अधिकाऱ्यांची नावे असत त्या जागी बिल्बिलिसने या दोघांची नावे कोरली. दूरच्या नगराने राजधानीतील बलाढ्य माणसाला वाहिलेला हा मान होता. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला सेजेनसला देहदंड झाला आणि सार्वजनिक ठिकाणांवरून त्याचे नाव पुसले जाऊ लागले. या नाण्याच्या काही प्रतींवर टायबेरियसचे नाव शाबूत आहे, पण सेजेनसचे नाव असलेला भाग हत्याराने खरवडलेला आहे. नाणे वितळवले नाही, फक्त नाव काढले. यावरून ते पुन्हा व्यवहारातच जायचे होते, असे मला वाटते.

नंतर पुढचा सम्राट कॅलिग्युला याच्या कारकिर्दीत, इ. स. 37 ते 41 दरम्यान, कॉर्नेलियस आणि हेल्वियस या दोन नगराधिकाऱ्यांची नावे नाण्यांवर उमटली. त्यांच्यानंतर बिल्बिलिसने नाणे पाडले नाही.