मुंबई ते अगत्ती : मधला दिवस

लक्षद्वीपहून आल्यापासून जो तो तिथल्या अगत्ती बेटाबद्दलच विचारतो. अगत्ती सुंदर आहेच, पण मला आधी सांगायचंय ते मधल्या दिवसाबद्दल. त्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही. बरेच जण तो दिवस फुकट गेला म्हणतात. मला तोच खरा प्रवास वाटला.

आमचं जहाज ‘एम्प्रेस’, १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, २११ मीटर लांब. संध्याकाळी मुंबई सोडली आणि सकाळी डेकवर आलो तर चहूकडे नुसतं पाणी. मुंबईचा मातकट रंग कुठल्या कुठे गेला होता. खाड्यांचा गाळ इतक्या लांब येत नाही, आणि स्वच्छ खोल पाणी उन्हातला तांबडा रंग पिऊन टाकतं, निळा तेवढा परत फिरतो. हे वाचलेलं होतं. पण दौतीतल्या शाईसारखा गडद समुद्र मी प्रथमच पाहिला.

पूल, गाणी, तंबोला, सगळं होतं. हौशी मंडळी तिकडे रमली. जहाज दक्षिणेला चाललेलं, त्यामुळे सकाळी पश्चिमेच्या बाजूला सावली. आई आणि मी तिथे खुर्च्या टाकल्या. मोबाइलला रेंज नाही, ही तर चैनच!

कठड्यावरून खाली बघत असताना उडणारे मासे दिसले. जहाजाच्या लाटेतून एकदम वीसेक मासे सुटायचे, काचेसारखे पंख ताणून पाण्यालगत तरंगत जायचे. वेग कमी झाला की शेपटीचं खालचं टोक पाण्यात वळवळवून परत उचल घ्यायचे, मागे नागमोडी रेघ उमटायची. तासभर बघितले तरी मन भरेना.

आईचं माहेर मालवणचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. ती बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जायची, पावसाळ्यात बंद असायची. डेकवर वळकटी पसरायची, आणि बोट लागली तर चघळायला जवळ आवळासुपारी ठेवायची. मालवण या खेपेला झोपेतच मागे पडलं, याची तिला फार हळहळ वाटली. दुपारी ऊन फिरलं तसं आम्ही पूर्वेकडे गेलो, तेव्हाही ती क्षितिजावर किनारा शोधत होती.

रात्री जेवताना कळलं, की अगत्तीला जहाज धक्क्याला लागणार नाही. आत प्रवाळ आणि उथळ पाणी, म्हणून ते बाहेरच उभं राहणार आणि छोट्या होड्यांनी उतरायचं. टेबलावरची एक-दोन माणसं धास्तावली. आई मात्र खुलली. मालवणलाही बोट बाहेरच थांबायची आणि पडाव, म्हणजे छोट्या होड्या, येऊन माणसं उतरवून न्यायचे. लाटेवर पडाव वर आला की नावाड्याचा हात धरून पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचं, हे तिने सगळ्यांना हातवारे करून नीट समजावून सांगितलं.